विषय : दुसऱ्या मजल्यावरील गळतीबाबत

गादी ओली झाली तर ती वाळत घालावी, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. शहाण्या माणसाच्या घरी ही गोष्ट सकाळी सातला सुरू होते आणि संध्याकाळी पाचला गादी खाली आणली की संपते. भिंगरीच्या बाबांच्या घरी ती पावसाळ्यात सुरू झाली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालली. तिच्यापायी एक बाथरूम फुटलं, एका छताचा गिलावा खाली आला आणि एका सरळमार्गी माणसाची इमारतीत जी काय पत होती ती गेली. या सगळ्याला कारण एकच. बाबांना लिहायची सवय होती.

बाबा एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, आतून जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक टाकायचा, आणि आलेल्या कागदाला उत्तर गेलं नाही तर अस्वस्थ व्हायचं, असं त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कागद रखडला नव्हता. "आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे," हे वाक्य ते घरीही इतक्या वेळा म्हणत, की बायको भाजी निवडता निवडता त्यांच्याआधी ते पुरं करी. ती बायको त्या पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात गेली. अकरा दिवसांचा ताप, बस्स. यावर काय उत्तर द्यायचं असतं ते बाबांना कळलं नाही, म्हणून त्यांनी घरात तो विषयच काढला नाही.

मागे राहिले बाबा आणि आठ वर्षांची भिंगरी. हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पोरीचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून आईनं ठेवलेलं. उन्हाळ्यापासून पोर एका जागी तासन्‌तास बसून राहायला लागली होती, पण नाव पडलं ते पडलं.

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले असतील. बाबा सकाळी तिला उठवायला गेले, तर ती आधीच उठून खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. अंगात ओला फ्रॉक आणि गादीवर परातीएवढं ओलं वर्तुळ. बाबांनी एकदा गादीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. अशा वेळी काय बोलतात याचा त्यांना अनुभव नव्हता. बोलायचं खातं इतकी वर्षं दुसऱ्या माणसाकडे होतं.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "आपण हे कुणाला सांगायचं नाही. कळलं? कुणालाच नाही."

भिंगरीनं मान हलवली. बाबांना वाटलं, आपण प्रसंग छान सांभाळला. शाळेत कळलं तर पोरं चिडवतील. इमारतीत कळलं तर जिन्यातल्या "आई नाही ना बिचारीला"मध्ये आणखी एक कलम वाढेल. तेव्हा काय वाट्टेल ते झालं तरी ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता कापसाची गादी ही काय चीज आहे ते ज्यानं उचलली आहे त्यालाच माहीत. कोरडी असताना ती गादी असते, ओली झाली की तिला माणसाचं वजन येतं. बाल्कनीत टाकावी तर समोरच काकूंची बाल्कनी. समोरच्या काकू बाई वाईट नव्हेत, पण त्यांचं लक्ष फार. तुमच्या घरी दूध उतू जायला लागलं तर त्या त्यांच्या घरातून सांगत, गॅस बंद करा. तेव्हा बाबांनी गादी पाठीवर घेतली आणि ते गच्चीकडे निघाले. भरपावसात गच्चीवर गादी वाळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते जिन्याच्या वळणावर गादीसकट अडकले होते, आणि वरून काकू येत होत्या.

"अगं बाई, ही ओली गादी कुठं काढलीत?"

"ओली झालीय म्हणून."

"ते दिसतंय. पण झाली कशानं?"

पाणी सांडलं म्हणाले असते तर विषय मिटला असता. पण बाबांच्या पाठीवर वजन, बरगडीत कठडा रुतलेला, आणि खाली दारात भिंगरी उभी.

"गळतंय," बाबा म्हणाले.

"मास्तरांच्या बाथरूमचं पाणी ते. मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या. त्यांनी असं पूर्वी कधीही म्हटलेलं नव्हतं.

मास्तर म्हणजे बाबांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त गणिताचे शिक्षक. एकटेच असत. मुलगा परगावी. इमारतीत ते कुणाशी फारसं बोलत नसत, कारण लोक बोलताना अंदाजे बोलतात असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी तक्रारवही घेऊन दारात हजर. "तोंडी तक्रार मी ऐकत नाही," ते म्हणाले. "तोंडी माणूस काहीही बोलतो. लिहून द्या, म्हणजे खरी."

इथं खरं तर बाबांनी हात आखडता घ्यायचा. पण समोर रेघांची वही, हातात पेन. उन्हाळ्यापासून त्यांनी जे काही लिहिलं होतं ते सगळे बायकोच्या नावापुढे कै. लिहायचे अर्ज होते. आज पहिल्यांदा काहीतरी वेगळं लिहायला मिळत होतं. त्यांनी टाकलं, "विषय : दुसऱ्या मजल्यावरील शयनकक्षात छतातून होणाऱ्या गळतीबाबत." संदर्भ काहीच नव्हता, म्हणून लिहिलं, "संदर्भ : जिन्यात समक्ष झालेली चर्चा." मग महोदय, मग उपरोक्त विषयास अनुसरून, मग सविनय सादर. मजकूर वाचून सेक्रेटरींनी मान डोलावली. बाबांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, आणि रात्री ते दोन घास जास्त जेवले.

चौथ्या दिवशी मास्तरांचं उत्तर आलं. आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं, आकृतीसकट. मास्तरांचं बाथरूम, बाबांची खोली, खिडकीखालचा पलंग आणि मधलं अंतर अकरा फूट चार इंच. खाली लिहिलं होतं, "पाणी सरळ खाली पडते. सबब माझ्या पाण्याने आपली गादी भिजणे भूमितीच्या दृष्टीने अशक्य आहे."

उत्तर बिनतोड होतं. पण ते आवक होतं. आणि आवक झालेला कागद तसाच पडू देणं बाबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी भिंगरीचा पलंग अकरा फूट चार इंच सरकवून आतल्या भिंतीला लावला आणि कळवलं, "पलंगाची जागा आकृतीत चुकीची दर्शवली आहे. कृपया समक्ष पाहणी व्हावी."

"माझा पलंग का हलवला?" भिंगरीनं विचारलं.

"इथं वारा चांगला येतो."

तिनं भिंतीकडे पाहिलं.

पाहणी म्हटल्यावर छताला डाग हवा. तो नव्हता. बाबांनी चहा उकळून गार केला, पलंगावर स्टूल ठेवलं, भिंगरीला स्टुलाचे पाय धरायला सांगितले, आणि स्पंज बुडवून छताला डाग द्यायला सुरुवात केली.

"बाबा, काय करतोयस?"

"डाग पाडतोय."

"का?"

"डाग नाहीये म्हणून."

डाग उत्तम पडला. बाबाही उत्तम पडले. तीन आठवडे ते कचेरीत लंगडत होते आणि कशानं लागलं या प्रश्नाला गळतीमुळे असं उत्तर देत होते, जे एका परीनं खरंच होतं.

प्लंबर आला. त्यानं मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हे काम करतोय, पण गळतीला मुंग्या लागलेल्या पहिल्यांदाच बघतोय."

बाबांनी चहात सवयीनं साखर घातली होती.

पण प्लंबर हा असा माणूस आहे, की एकदा आला की काही फोडल्याशिवाय जात नाही. आता आलोच आहे तर, असं म्हणून त्यानं वर जाऊन मास्तरांच्या बाथरूमची फरशी उखडली. खाली एक पाईप निघाला, जुना पण धडधाकट. तो काढताना मोडला. तसा पाईप आता कुठं मिळत नाही असं निघालं, आणि कमिटीनं ठराव केला, की नवा पाईप येईपर्यंत मास्तरांनी तक्रारदाराच्या बाथरूममध्ये अंघोळ करावी. ठराव सर्वानुमते झाला, कारण बाकीच्यांच्या बाथरूमचा त्यात प्रश्न नव्हता.

तोवर पाऊस संपून हवेत गारवा आला होता. ऋतू आपोआप बदलतो अशी बाबांची आजवर समजूत होती. म्हणजे एक दिवस माळ्यावरून रजया उतरलेल्या असतात, त्यांना ऊन दाखवलेलं असतं, पोरीच्या स्वेटरची बाही कुणीतरी दोन बोटं उसवून लांब केलेली असते, रेनकोट पावडर लावून घडी झालेला असतो. या वर्षी गारठा पडला आणि काहीच झालं नाही. भिंगरी दोन दिवस शाळेत कुडकुडत गेली, तेव्हा बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते माळ्यावर चढले. स्वेटर आखूड झालेला. बाही कुठून उसवायची ते शोधताना त्यांनी ती पुरतीच उसवली. वेण्या घालायला ते तोंडावर रुमाल बांधून शिकले, कारण श्वास लागला की भिंगरीच्या मानेला गुदगुल्या होत. एक वेणी वर, एक खाली. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, वेण्या समान असाव्यात. बाबांनी त्यालाही उत्तर दिलं, "सुधारणा चालू आहे."

आणि अशात रोज सकाळी सहाला मास्तर. खांद्यावर टॉवेल, हातात स्वतःचा साबण. नेमकी हीच वेळ बाबांची चादर भिजवायची. बादली कुठं लपवणार? बाथरूम एकच. बाबा बादलीवर पाट ठेवायचे, पाटावर तांब्या ठेवायचे आणि दारात उभं राहून हवापाण्याच्या गोष्टी करायचे.

"तुमच्याकडे चादरी फार धुतल्या जातात," एक दिवस मास्तर म्हणाले.

"धूळ फार येते हो."

"हं," मास्तर म्हणाले आणि आत गेले.

अंघोळ झाली की ते पाच मिनिटं टेकायचे. पाचाची दहा झाली, दहाची वीस. भिंगरीची गणिताची वही त्यांच्यापुढे यायला लागली. एकदा बाबा स्वयंपाकघरात असताना बाहेरून हसण्याचा आवाज आला. मास्तरांनी तेराचा पाढा मुद्दाम चुकवला होता आणि भिंगरी त्यांची चूक काढून हसत होती. उन्हाळ्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. बाबा गॅससमोर तसेच उभे राहिले, तव्यावरचं करपेपर्यंत. ज्या माणसाचं आपण बाथरूम फोडलं तोच आपल्या पोरीला हसवतोय, हे त्यांना फार लागलं. नवा पाईप बसला तरी मास्तर आठवडाभर टॉवेल घेऊन येत राहिले. चुकून आलो, सवय झाली, म्हणायचे. आणि बसायचे.

नवा पाईप बसला, पाऊस नव्हता, आणि गादी ओलीच. काकूंनी ती गच्चीवर पाहिली आणि सेक्रेटरींना सांगितली. सेक्रेटरी वही घेऊन आले. "तुमची तक्रार मी निकाली काढू शकत नाही," ते म्हणाले. "ओल चालू आहे."

"राहू द्या आता. मला काही त्रास नाही."

"तुम्हाला नसेल. वहीला आहे."

बाबांसारख्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. मग इंजिनिअर आला. त्यानं छताला एक यंत्र लावून पाहिलं, मग हातोडीनं ठोकून पाहिलं. तिसऱ्या ठोक्याला चहाच्या डागासकट गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. वरून सगळं कोरडं ठणठणीत. इंजिनिअरनं गादी दाबून पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि लेखी अभिप्राय दिला, "ओल वरून येत नसून खालूनच निर्माण होत असावी." खरं कारण सांगणारा हा त्या वर्षभरातला एकमेव कागद. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

बाबा डॉक्टरकडेही जाऊन आले. एका मित्राची मुलगी आहे, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "मित्राला सांगा, संध्याकाळनंतर पाणी कमी द्या. आणि तिच्याशी जरा बोला." पहिली सूचना बाबांनी त्याच दिवसापासून अमलात आणली. दुसरी विचाराधीन ठेवली. भिंगरी संध्याकाळी पाणी मागायची आणि बाबा म्हणायचे, सकाळी हं. ती पुन्हा मागायची नाही. जीभ ओठांवरून फिरवायची आणि झोपायला जायची. बाबांना ते बघवायचं नाही, पण डॉक्टरांचं म्हणणं होतं आणि ते तर पाळायला हवं.

उन्हाळा आला. बायकोला जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी बाबा नेहमीसारखे कचेरीत गेले आणि भिंगरी नेहमीसारखी शाळेत. दोघांनीही काही म्हटलं नाही. भिंगरीचे फ्रॉक गुडघ्याच्या वर गेले होते, हे तेवढं बाबांना त्या दिवशी जाणवलं. आईला ही एवढी उंच झालेली माहीतच नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

पाण्याची टंचाई सुरू झाली. नळाला दिवसातून एक तास पाणी. अख्ख्या इमारतीत जिथं हात धुवायची पंचाईत, तिथं दुसऱ्या मजल्यावरची गादी मात्र ओली. लोक चिडले. सेक्रेटरींनी बैठक बोलावली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, खाली गाड्या लावायच्या जागेत, खुर्ची ज्यानं त्यानं आणावी. विषय क्रमांक तीन होता गळती.

सेक्रेटरींनी वर्षभराचा पत्रव्यवहार वाचून दाखवला. बाबांची भाषा सुरेख होती, असं दोघातिघांनी मान्य केलं. मग सेक्रेटरी खाकरले. "पाऊस नाही, पाईप नवा. म्हणजे एकच शक्यता उरते. पाणी येतं त्या तासाला मास्तर नळ उघडा ठेवतात आणि विसरतात. त्यांचा दोष नाही, वय आहे. पण आज नळ राहिला, उद्या गॅस राहील. तेव्हा कमिटीनं त्यांच्या मुलाला कळवावं, की वडिलांना आता एकटं ठेवू नका, घेऊन जा."

बाबांनी वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आता आकृती काढतील, सगळ्यांची तोंडं बंद करतील, अशी त्यांची खात्री होती. मास्तर उठले. त्यांच्या हातात कागद नव्हता.

"असेल," मास्तर म्हणाले. "राहत असेल माझ्याकडून नळ उघडा. मुलाला मी स्वतः कळवतो. तुम्ही तसदी घेऊ नका."

एवढं बोलून ते बसले. बसताना त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. तेव्हा बाबांना कळलं, की यांना सगळं माहीत आहे. तो म्हातारा कित्येक आठवडे रोज सकाळी त्या बादलीशेजारी उभं राहून अंघोळ करत होता. त्याला चादरींचा हिशेब लागला नाही असं कसं होईल? बाबांसाठी नाही, त्या तेराच्या पाढ्यातल्या चिमुरडीसाठी तो आपलं घर सोडून निघाला होता.

मास्तर जातील, किंवा भिंगरीचं नाव चारचौघांत येईल. तिसरं काही सुचेना. थोडं पलीकडे पोरं दोरीच्या उड्या मारत होती, त्यांत भिंगरीही होती. बाबा उभे राहिले.

"वरून काही गळत नाही," ते म्हणाले. "कधीच गळत नव्हतं. गादी मी ओली करतो."

"म्हणजे पाणी सांडता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही. झोपेत होते. माझ्याकडून."

दोरीचा आवाज थांबला. कुणाची तरी खुर्ची वाजली. काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांच्या यजमानांनी आपण इथं नाहीच अशा चेहऱ्यानं आकाशाकडे पाहिलं. ज्या माणसानं एकोणीस वर्षांत कचेरीत इस्त्री नसलेला शर्ट घातला नव्हता, तो सत्तावीस माणसांपुढे मान खाली घालून उभा होता.

"हे इतिवृत्तात कसं घ्यायचं?" सेक्रेटरी हळूच म्हणाले. त्यांचं पेन थांबलं होतं.

सवय ती सवय. बाबांनी मजकूर सांगितला. "'अर्जदाराने वैयक्तिक शारीरिक कारण नमूद करून तक्रार मागे घेतली. वरच्या मजल्यावरील रहिवाशांचा यात कोणताही दोष आढळला नाही. प्रकरण निकाली.' दोष आढळला नाही, याच्याखाली रेघ मारा."

सेक्रेटरींनी रेघ मारली.

बैठक संपली आणि सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला, भोपळ्याच्या बिया खा. दुसरा म्हणाला, तळपायाला तेल चोळा. काकूंच्या यजमानांनी कोपऱ्यात नेऊन विचारलं, रात्री किती वाजता, अंदाजे? बाबांनी सगळ्यांचे आभार मानले. मास्तरांनी बाबांची खुर्ची उचलून जिन्यापर्यंत आणून दिली आणि हळूहळू वर गेले.

बाबा घरी आले तेव्हा भिंगरी आधीच वर येऊन पलंगावर बसली होती. बाहेर अजून ऊन होतं. बाबांनी खुर्ची दाराआड ठेवली, पाणी प्यायले, आणखी एक पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

"तू खोटं बोललास," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"मास्तरांना जावं लागलं असतं गं. पण तुझं कुणाला कळलं नाही. कळणारही नाही."

भिंगरीनं पेला तसाच धरून ठेवला.

"बाबा, मी ते मुद्दाम करते."

"असं नसतं, बाळा. झोपेत होतं ते. डॉक्टर म्हणाले..."

"झोपेत नाही होत. मी जागी असते."

बाबा तिच्याशेजारी बसले. "मग काय होतं?" त्यांनी विचारलं. वर्षभरात हे त्यांनी प्लंबरला विचारलं होतं, इंजिनिअरला, डॉक्टरला. तिला पहिल्यांदाच विचारत होते.

"आई उठवायची ना," भिंगरी म्हणाली. जणू हे सगळ्यांना माहीत असतं. "ती यायची, माझा हात धरायची. मग आम्ही जायचो. ती दाराबाहेर उभी राहायची. मग परत आणून झोपवायची."

"रोज?"

"रोज. तू घोरत असायचास."

बायको दुपारी जेवण झालं की बसल्या बसल्या पेंगायची. सुट्टीच्या दिवशी बाबा त्यावरून तिला चिडवायचे. आळशी म्हणायचे. गमतीनंच म्हणायचे, पण म्हणायचे. तिनं कधी सांगितलं नाही, आणि रात्री ती कुठं जाऊन येते ते यांना कधी कळलं नाही.

"मला त्याच वेळी जाग येते," भिंगरी सांगत होती. "मग मी वाट बघते. जायला पाहिजे ते कळतं मला. पण मी एकटी गेले, तर तिला वाटेल, हिला आता एकटीला जाता येतं. मग ती कशाला येईल?"

बाबांनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता. एक वाक्य वर्षभर त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आता ते यांनाच उच्चारायचं होतं, आणि त्याला साधं कुठलं आडवळणही नव्हतं.

"ती नाही यायची, भिंगरे," बाबा म्हणाले. "आई मेली. तू एकटी गेलीस तरी ती यायची नाही, आणि वाट बघितलीस तरी यायची नाही."

"माहीत आहे मला," भिंगरी म्हणाली, आणि तिचा चेहरा आक्रसला.

गेल्या उन्हाळ्यात पोर रडली नव्हती. किती समजूतदार, असं सगळे म्हणाले होते. आता ती रडली, तोंड उघडून, श्वास कोंडेपर्यंत, आईला हाका मारत. पेला कलंडून सगळं पाणी गादीवर सांडलं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाबांनी तिला मांडीवर घेतलं. ती मांडीत मावत नव्हती. मग तेही रडायला लागले. बायको गेल्यावर ते असे कधी रडले नव्हते, आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

आवाज सगळ्या इमारतीत गेला. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली आणि मग शांत झालं. खाली सेक्रेटरी जिन्यात थांबले. काकू बाल्कनीत येऊन कुणाला तरी सांगत होत्या, "पोरगी हादरली हो बिचारी. बापाच्या दुखण्याचं असं सगळ्यांदेखत ऐकावं लागलं."

मग त्यांनी समोरून हाक मारली. "अहो, तिला सांगा, असली दुखणी बरी होतात."

"सांगतो," बाबा म्हणाले. पण त्यांनी ते तिला सांगितलं नाही, आणि उठून खिडकीही लावून घेतली नाही.